मंडळाच्या सीपीआर शिबिरात नेमके काय शिकवावे?

कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावातील गणेश मंडळाच्या कार्यवाहांनी विचारले आहे की, मंडळाचा एक तरुण सभासद क्रिकेट खेळताना मैदानावरच कोसळून गेला, भोवती तीस-चाळीस माणसे असूनही कोणाला काही सुचले नाही, म्हणून यंदा उत्सवाआधी गावासाठी सीपीआरचे, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून रक्त फिरते ठेवण्याचे, शिबिर घ्यायचे ठरले आहे. आराखडा असा: मंगल कार्यालयात अडीचशे खुर्च्या, एलईडी पडदा, शहरातून येणाऱ्या हृदयरोगतज्ज्ञांचे दोन तासांचे व्याख्यान, अखेरीस व्यासपीठावर एका डमीवर (सरावाच्या पुतळ्यावर) प्रात्यक्षिक आणि सर्वांना प्रमाणपत्र. त्यांना जाणून घ्यायचे आहे की हे योग्य होईल का, तोंडाने श्वास देणे शिकवावे का, महिला, शाळकरी मुले आणि ज्येष्ठ यांना बोलवावे का, आणि उद्या काही बरेवाईट झाले तर मदत करणाराच पोलिसांच्या चौकशीत अडकेल का.

आधी स्पष्ट सांगतो. असा कार्यक्रम देखणा होईल, वर्तमानपत्रात छायाचित्रही येईल, पण त्यातून वेळेला छातीवर हात ठेवणारी माणसे फारशी तयार होणार नाहीत. मी भूलतज्ज्ञ आहे आणि शस्त्रक्रियागृहाबाहेर सामान्य नागरिकांना सीपीआर शिकवण्याचे काम गेली १९ वर्षे करतो आहे. हे मत मी माझ्याच चुकीवरून बनवले आहे. सुरुवातीच्या काळात एका महाविद्यालयात मी तीनशे मुलांसमोर नेमके असेच व्याख्यान दिले होते. हृदयाचे चार कप्पे, त्यातून वाहणारा विद्युत्प्रवाह, रक्तवाहिन्यांतले अडथळे, सगळे सुबक चित्रांसह. शेवटी पाच मुलांनी व्यासपीठावर येऊन डमीवर हात चालवले, उरलेल्यांनी टाळ्या वाजवल्या आणि चहा झाला. चार महिन्यांनी त्यांतलाच एक मुलगा मला भेटायला आला. त्याच्या शेजारचे काका अंगणात कोसळले तेव्हा तो चार पावलांवर उभा होता. "सर, मला सगळं आठवत होतं, पण ते श्वास घेत होते ना," असे तो म्हणाला. कसा श्वास घेत होते, असे मी विचारले. त्याने मान मागे टाकली, तोंड उघडले, मासा पाण्याबाहेर काढल्यावर करतो तसा एक खोल, तुटक आचका दिला, मग थांबला आणि बऱ्याच वेळाने दुसरा दिला. माझ्या दोन तासांच्या व्याख्यानात आचक्यांविषयी एक वाक्य होते.

लोक सीपीआर चुकीच्या पद्धतीने देतात, अशी तक्रार आम्ही डॉक्टर मंडळी फार करतो. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी तो सुरूच होत नाही, आणि सुरू न होण्याचे कारण हातांत नसून पहिल्या मिनिटातल्या गोंधळात असते. हृदय बंद पडल्यावर कोणी काहीच केले नाही तर रुग्ण वाचण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. महाराष्ट्रात १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून धावते आहे आणि तिने पुष्कळ जीव वाचवले आहेत, पण ती कितीही वेगाने निघाली तरी पहिली पाच मिनिटे तिच्या हातात नसतात. ती शेजाऱ्याच्या, पंचाच्या, यष्टिरक्षकाच्या हातात असतात. म्हणून शिबिरात दोनच गोष्टी पक्क्या व्हायला हव्यात. समोरच्याचे हृदय बंद पडले आहे हे ओळखता येणे ही एक, आणि प्रत्येकाने स्वतःच्या हातांनी सलग दोन मिनिटे छाती दाबणे ही दुसरी. यांपलीकडचे जे काही कार्यक्रमपत्रिकेत असेल ते या दोन्हींचा वेळ खाते, हे लक्षात ठेवून त्यावर काट मारावी.

ओळखण्याची कसोटी सोपी आहे. खांदे हलवून मोठ्याने हाक मारल्यावर माणूस काहीच प्रतिसाद देत नाही आणि त्याचा श्वास नेहमीसारखा चालत नाही, एवढे दिसले की सुरुवात करायची. यासाठी दहा सेकंदांहून अधिक वेळ घालवायचा नाही. आपल्याकडे कोणी बेशुद्ध पडले की पहिला हात मनगटाकडे जातो आणि कोणीतरी जाणकार 'नाडी लागते आहे' असे सांगून मोकळा होतो. घाबरलेल्या माणसाला पुष्कळदा स्वतःच्याच बोटांतले ठोके लागत असतात. सामान्य नागरिकांना नाडी तपासायला शिकवणे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतून २००० सालीच वगळले गेले, आणि तुमच्या शिबिरातही ते वगळावे.

खरी अडचण श्वासाची आहे. हृदय थांबल्यावरही मेंदूच्या तळाचा भाग काही काळ धडपडत राहतो आणि त्यातून ते आचके येतात. सुरुवातीच्या मिनिटांत दहापैकी साधारण चार जणांत ते दिसतात. आपल्या भाषेत त्यासाठी शब्द आहेत, आणि तेच आडवे येतात. 'आचके देतोय' किंवा 'घरघर लागली' असे म्हणताच ऐकणाऱ्याच्या मनात एक तर 'अजून जीव आहे, थांबा' असे येते किंवा 'आता संपलेच, तोंडात पाणी घाला' असे. दोन्ही अर्थांनी हात थांबतात. म्हणून मी शिबिरात हेच शब्द घेतो आणि त्यांना नवा अर्थ जोडून देतो: आचके म्हणजे दाबायला सुरुवात करण्याची खूण. 'श्वास आहे का' हा प्रश्नही मी टाकून दिला आहे. त्याऐवजी 'झोपलेल्या माणसासारखा संथ आणि सलग श्वास आहे का' असे विचारायला शिकवतो. मग मी स्वतः सतरंजीवर आडवा होतो आणि तसे आचके देऊन दाखवतो. श्वास चालू आहे असे वाटणाऱ्यांनी हात वर करावा, असे माझा सहकारी सांगतो. पहिल्या फेरीत निम्म्याहून अधिक हात वर जातात. तिसऱ्या फेरीत एखादाच जातो. या खेळाला वीस मिनिटे लागतात आणि पूर्ण शिबिरातली तीच सर्वांत मोलाची वीस मिनिटे असतात, असे माझे ठाम मत झाले आहे. तुमच्या पाहुण्या डॉक्टरांना जमिनीवर लोळण्याचा संकोच वाटत असेल, तर मंडळाच्या नाटकात काम करणारा एखादा मुलगा आधी तयार करून ठेवा.

दुसरा चकवा फिटचा. हृदय अचानक बंद पडले की मेंदूला रक्त न मिळाल्याने काही सेकंद हातपाय झटके देतात, डोळे फिरतात. भोवतालचे लोक 'मिरगी आली' म्हणून कांदा फोडतात, चप्पल हुंगवतात, दातखीळ उघडण्यासाठी तोंडात चमचा घालतात. यांतले काहीही फिटमध्येही करू नये, पण इथे तर त्यात जीवच जातो. शिकवायचे ते एवढेच की झटके थांबल्यावर लगेच छातीकडे पाहावे. श्वास नेहमीसारखा नसेल तर ती मिरगी समजू नये.

याच्या उलट बाजूही सांगितली पाहिजे, कारण मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींमुळे हल्ली शुद्धीवर असलेल्या, हात हलवणाऱ्या माणसाचीही छाती दाबण्याचा उत्साह दिसतो. हृदयविकाराचा झटका आणि हृदय बंद पडणे या वेगळ्या गोष्टी आहेत. झटक्यात हृदयाच्या एखाद्या रक्तवाहिनीत अडथळा येतो, रुग्ण बोलतो, घाम येतो, छातीत कळ येते. त्याला बसवून तातडीने रुग्णालयात न्यायचे असते. त्यातून पुढे हृदय बंद पडू शकते, आणि तेव्हाच सीपीआर लागतो. एकट्या माणसाने जोरजोरात खोकून स्वतःला वाचवावे, असा एक संदेश दर दोन वर्षांनी नव्याने फिरतो; तो खोटा आहे आणि त्यात रुग्णवाहिका बोलावण्याची मिनिटे वाया जातात.

आता हातांविषयी. जागा छातीच्या मधोमध, मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर. हृदय डावीकडे असते हे शाळेत शिकलेले असल्याने निम्मे लोक डावीकडे सरकतात, म्हणून 'मधोमध' हा शब्द वीस वेळा उच्चारावा लागतो. एका तळव्याची टाच हाडावर, दुसरा हात त्यावर, कोपरे ताठ, खांदे थेट हातांच्या वर. खोली ५ ते ६ सेंटिमीटर, म्हणजे दोन इंचांहून किंचित जास्त, आणि वेग मिनिटाला १०० ते १२०. हे आकडे फळ्यावर लिहा, पण आकड्यांनी हात शिकत नाहीत. बहुतेकांची, विशेषतः स्वयंपाकघरात वावरणाऱ्यांची पहिली हालचाल कणीक मळल्यासारखी असते: कोपर वाकते, जोर मनगटातून येतो आणि छाती पुढे-मागे ढकलली जाते. 'कणीक मळू नका, हापसा हाका' असे म्हटले की कमरेतून जोर येऊ लागतो.

हापशाची उपमा मला एका वाडीतल्या आजींनी दिली आणि तिच्यापेक्षा चांगली अजून सापडलेली नाही. मी त्यांना सांगत होतो की दाबणे मध्येच थांबवू नये, कारण थांबताच रक्ताचा दाब कोसळतो आणि पुन्हा सुरू केल्यावर तो चढायला बरेच दाब खर्ची पडतात. आजी म्हणाल्या, "म्हंजी हापशागत. हात सोडला की पाणी खाली जातं, मग धा येळा हाकलं तवा वर येतं." नेमके हेच घडते. हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मिळण्याइतका दाब पहिल्या दाबात तयार होत नाही. तो हळूहळू चढतो आणि हात थांबताच उतरतो. म्हणून 'बघू या, उठतोय का' म्हणून दर अर्ध्या मिनिटाला थांबणाऱ्याचे सगळे कष्ट पाण्यात जातात. हापसा आणखी एक गोष्ट शिकवतो. दांडा पूर्ण वर आल्याशिवाय पुढच्या खेपेला पाणी येत नाही. तसेच प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची असते, कारण ती वर येतानाच हृदयात रक्त भरते. दमलेला माणूस छातीवर रेलतो आणि हे भरणे थांबते. बाहेरून पाहणाऱ्याला हात चालू दिसतात, म्हणून ही चूक प्रशिक्षकाने खाली वाकून, डमीच्या छातीच्या पातळीवर डोळे आणून पाहिली पाहिजे.

मोजण्याविषयी एक बारीक सूचना, जी मराठीत शिकवतानाच सुचते. एकपासून तीसपर्यंत मोजायला लावले की अकराच्या पुढे लय बिघडते आणि एकोणीस, एकोणतीस या लांब शब्दांवर हात हमखास अडखळतात. आम्ही एक ते दहा असेच तीनदा म्हणवून घेतो. मोठ्याने आणि एकत्र. भजनी मंडळातल्या माणसांना लय लगेच सापडते. ढोल-ताशा पथकातली मुले मात्र ती हमखास वाढवत नेतात आणि मिनिटाला १४० वर पोहोचतात, तेव्हा खोली जाते. तुमच्या गावात पथक असेलच, म्हणून सांगून ठेवतो.

दोन मिनिटे सलग दाबल्यावर धडधाकट तरुणालाही घाम फुटतो. हे व्याख्यानात सांगून कळत नाही, अंगाला कळावे लागते, आणि ते कळल्यावरच 'दर दोन मिनिटांनी माणूस बदला' या सूचनेला अर्थ येतो. बदल दहा सेकंदांच्या आत व्हावा, पुढचा माणूस आधीच गुडघ्यांवर बसून तयार असावा. त्याच सरावात फोनचेही सांगून टाकावे. 'कोणीतरी फोन करा' म्हटले की कोणीच करत नाही. 'अहो, चष्मेवाले दादा, तुम्ही १०८ लावा आणि मला सांगा' असे बोट दाखवून म्हणायचे. माणूस एकटाच असेल तर फोन स्पीकरवर टाकून जमिनीवर ठेवावा आणि दाबायला लागावे. रुग्ण दिवाणावर किंवा गादीवर असेल तर त्याला खाली जमिनीवर घ्यावे, कारण मऊ गादीवर छातीऐवजी गादीच दबते. बरगडी मोडल्याचा कट् आवाज आला तर हात थांबवू नयेत. हा आवाज येऊ शकतो हे आधी सांगितलेले नसेल, तर तिथेच माणूस हात काढून घेतो.

यावरून तुमच्या आराखड्याचे गणित कसे बदलते ते पाहा. एका डमीमागे पाच-सहापेक्षा अधिक माणसे नकोत. आठ डमी मिळाल्या तर एका तुकडीत चाळीस माणसे बसतात, प्रत्येकाला दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या मिळतात आणि ओळखण्याच्या खेळासह सव्वा ते दीड तासात तुकडी पूर्ण होते. अडीचशे लोकांसाठी सहा-सात तुकड्या, म्हणजे दोन-तीन रविवार. आठ डमी मिळणे कठीण असेल तर जिल्ह्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या भूलशास्त्र विभागाकडे किंवा भूलतज्ज्ञांच्या स्थानिक शाखेकडे विचारणा करावी. आणि तरीही कमी पडल्या तर शाळेच्या जुन्या दप्तरात झाकण घट्ट लावलेली रिकामी प्लास्टिकची बाटली आडवी घालून भोवती कपडे कोंबावेत. तिच्यावर खोली अचूक कळत नाही, पण जागा, लय, ताठ कोपरे आणि दमणूक या चारही गोष्टी शिकता येतात. निदान एक खरी डमी प्रत्येकाच्या हाताखालून जावी, म्हणजे छाती किती कडक लागते ते समजते. खुर्च्या काढून टाका, सतरंज्या अंथरा. अडीचशे खुर्च्या मांडल्या की अडीचशे प्रेक्षक तयार होतात.

हृदयरोगतज्ज्ञच हवेत असेही नाही. बंद छातीवर बाहेरून दाब देण्याची पद्धत १९६० साली अमेरिकेतील बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून प्रसिद्ध झाली, तेव्हा तिच्या तीन जनकांपैकी कौवेनहोवेन हे विद्युत अभियंते होते आणि निकरबॉकर हेही अभियांत्रिकीतलेच; डॉक्टर होते ते एकटे ज्यूड. कुत्र्यांवरच्या प्रयोगात हृदयाला विजेचा धक्का देणाऱ्या यंत्राची जड पाती छातीवर दाबली की धमनीतला दाब क्षणभर वाढतो, हे निकरबॉकर यांच्या ध्यानात आले आणि तिथून सगळे सुरू झाले. तुमच्या तालुक्यातली प्रशिक्षित परिचारिका किंवा १०८ वरचे डॉक्टर हे काम उत्तम करतील. डमीच्या चेहऱ्यामागे पॅरिसच्या सीन नदीत सापडलेल्या अनामिक मुलीच्या मुखवट्याची एक हृद्य गोष्ट आहे आणि ती सांगण्याचा मोह प्रत्येक प्रशिक्षकाला होतो. चहाच्या वेळेला सांगावी.

तोंडाने श्वास द्यावा का, याचे उत्तर दोन भागांत आहे. मोठ्या माणसाचे हृदय अचानक बंद पडले तर त्याच्या रक्तात पहिली काही मिनिटे प्राणवायू पुरेसा असतो. उणीव असते ती तो फिरवण्याची. त्यामुळे केवळ छाती दाबली तरी चालते. भारतीय भूलतज्ज्ञांच्या संघटनेच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या इंडियन रिससिटेशन कौन्सिलने २०१७ साली सामान्य नागरिकांसाठी जी पद्धत ठरवली तिचे नावच 'कम्प्रेशन ओन्ली लाइफ सपोर्ट', थोडक्यात 'कोल्स', असे आहे. अनोळखी माणसाच्या तोंडाला तोंड लावण्याचा संकोच हा आपल्याकडे सीपीआर सुरू न होण्याचा एक मोठा अडसर होता. कोल्समुळे तो दूर होतो. गावातल्या अडीचशे लोकांना एवढेच शिकवा.

पण तुमचे गाव नदीकाठचे आहे आणि विसर्जनाच्या दिवशी तुमच्याच मंडळाची मुले काठावर उभी असतात, म्हणून दुसरा भाग महत्त्वाचा. बुडालेल्या माणसाचे हृदय प्राणवायू संपल्यामुळे थांबते. तिथे श्वास दिल्यावाचून नुसते दाबणे अपुरे पडते. लहान मुलांतही बहुधा श्वास आधी बंद पडतो. मण्यार किंवा नागाच्या दंशात स्नायू लुळे पडून श्वास थांबतो, हृदय मात्र काही काळ चालू असते, आणि नुसत्या श्वासावर माणूस रुग्णालयापर्यंत पोहोचू शकतो. म्हणून विसर्जन पथक, पोहणारे तरुण, शिक्षक आणि अंगणवाडी सेविका यांची वेगळी, छोटी तुकडी करून तिला तीस दाबांनंतर दोन श्वास ही पद्धत आणि तोंडावरचा मास्क वापरणे शिकवावे. बुडालेल्याला पालथा घालून पोटातले पाणी काढण्यात किंवा पायाला धरून गरगर फिरवण्यात काठावरची माणसे बहुमोल मिनिटे घालवतात. पोट दाबले की पाणी आणि अन्न वर येऊन फुप्फुसात जाते. हे त्या तुकडीला खडसावून सांगा. विजेचा धक्का बसलेल्याला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करायचा, हेही पावसाळ्याच्या तोंडावर सर्वांनाच सांगायला हवे.

महिलांना बोलवावे का, हा प्रश्नच उलटा विचारायला हवा. बहुतेक माणसांचे हृदय घरीच बंद पडते आणि दुपारच्या वेळी घरात कोण असते? पत्नी, सून, शाळेतून आलेली नात. त्याच तुमच्या खऱ्या विद्यार्थिनी आहेत. साडी नेसून गुडघ्यांवर बसून दाबता येते. पदर खोचावा एवढेच. रुग्ण महिला असेल तेव्हाचा संकोच मात्र उघडपणे बोलून काढावा लागतो. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात सार्वजनिक ठिकाणी कोसळलेल्या पुरुषांपैकी ४५ टक्क्यांना आणि महिलांपैकी ३९ टक्क्यांनाच भोवतालच्या लोकांकडून सीपीआर मिळाल्याचे आढळले होते; आपल्याकडे संकोच कमी असेल असे मानायला मला तरी काही आधार दिसत नाही. आम्ही आठांपैकी दोन डमींना ब्लाउज घालतो, वरून ओढणी टाकतो. आधी हशा पिकतो, मग हात चालू लागतात. ते हसू शिबिरातच होऊन गेलेले बरे.

मुलांविषयी डेन्मार्कचे उदाहरण देण्याजोगे आहे. तिथे २००५ पासून शाळेत आणि पुढच्या वर्षापासून वाहन परवाना घेताना सीपीआर शिकणे सक्तीचे झाले. २००१ ते २०१० या काळात कोसळलेल्या माणसाला जवळच्यांकडून सीपीआर मिळण्याचे प्रमाण २१ टक्क्यांवरून जवळपास ४५ टक्क्यांवर गेले आणि ३० दिवसांनंतर जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण ३.५ वरून १०.८ टक्के झाले. तिथे इतरही सुधारणा त्याच काळात झाल्या, त्यामुळे सगळे श्रेय शाळांना देता येणार नाही. बारा वर्षांच्या मुलात पुरेशी खोली गाठण्याची ताकद नसते. पण ती आचके ओळखतात, फोन करतात आणि घरी जाऊन आजोबांच्या उशीवर बाबांना शिकवतात. ज्येष्ठांना गुडघ्यांवर बसवू नका. त्यांना ओळखणे, फोन करणे, गर्दी हटवणे आणि मोठ्याने मोजणे द्या. गर्दीत वयाचा अधिकार असलेला आवाज फार उपयोगी पडतो. बंद पडलेल्या हृदयाला विजेचा धक्का देणारे एईडी यंत्र तुमच्या गावात नसेल तर त्यावर पाच मिनिटे पुरेत: ते दिसले तर उघडा आणि ते सांगेल तसे करा.

कायद्याविषयी मी वकील नाही, तरी एवढे सांगता येते. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचनांना बळ दिले आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले. ते रस्ते अपघातातल्या मदतनीसाला दिवाणी आणि फौजदारी जबाबदारीपासून वाचवते. मैदानावर किंवा घरात कोसळलेल्या माणसाला मदत करणाऱ्याला ते थेट लागू होत नाही, पण संमती देण्याच्या स्थितीत नसलेल्या माणसाच्या भल्यासाठी सद्हेतूने केलेल्या कृतीला भारतीय न्याय संहितेचे कलम ३० संरक्षण देते. पूर्वी हेच भारतीय दंड संहितेत कलम ९२ होते. शिबिरात पोलीस ठाण्यातल्या एखाद्या अधिकाऱ्याला बोलावून हे त्यांच्या तोंडून वदवून घ्यावे. लोकांना कलमापेक्षा खाकी वर्दीने दिलेला शब्द अधिक पटतो.

एक गोष्ट बहुतेक शिबिरांत टाळली जाते आणि ती टाळू नये. डेन्मार्कच्या त्या सुधारलेल्या आकड्यातही दहातले नऊ जण वाचले नव्हते. सीपीआर दिला म्हणजे माणूस उठून बसतो हे चित्रपटात होते. हे आधी सांगितले नाही, तर ज्याच्या हाताखाली माणूस जातो त्याला आयुष्यभर वाटत राहते की आपलेच काहीतरी चुकले. माझ्या एका शिबिरार्थी रिक्षाचालकाने स्वतःच्या सासऱ्यांची छाती २५ मिनिटे दाबली आणि ते गेले. तो महिनाभर कोणाशी धड बोलत नव्हता. मी त्याच्या घरी गेलो, त्याने काय काय केले ते क्रमाने वदवून घेतले आणि कुठेही चूक नव्हती हे त्याच्या पत्नीसमोर सांगितले. तेव्हापासून प्रत्येक तुकडीला मी माझा दूरध्वनी क्रमांक देतो आणि सांगतो की कधी हात चालवावे लागले, तर निकाल काहीही लागो, त्याच आठवड्यात मला फोन करा. तुमच्या मंडळानेही असा एक माणूस नेमावा.

प्रमाणपत्र हवे तर द्या, पण त्यावर पुढच्या सरावाची तारीख छापा. शिकलेले कौशल्य तीन ते सहा महिन्यांत ओसरू लागते. डमी परत देण्याऐवजी वर्गणीतून एक विकत घेऊन मंडळाच्या कचेरीत ठेवता आली तर उत्तम, कारण तुमच्याकडे असे दहा दिवस आहेत की जेव्हा गाव रोज संध्याकाळी आपणहून एकत्र जमते. आरती झाली की मंडपाच्या कडेला सतरंजी टाकायची, रोज वेगवेगळ्या आळीच्या दहा जणांना बोलवायचे, प्रत्येकाकडून दोन मिनिटे दाबून घ्यायची आणि बाकीच्यांनी एक ते दहा मोजायचे. फक्त प्रसाद आधी वाटू नका. प्रसाद हातात पडला की माणसे थांबत नाहीत.